पंचेचाळीशीनंतरचा गिअर

"बाबा, ही तर चीटिंग झाली!"

सोसायटीच्या गेटवर मी हे बोललो तेव्हा मला तो विनोद वाटला होता. रविवारची सकाळ होती. मी आणि माझे दोन मित्र लोणावळ्याला जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर सायकल मारून परतत होतो. घामाने भिजलेले, हेल्मेट हातात, स्ट्राव्हावर राइड अपलोड करायची घाई. तेवढ्यात समोरून बाबा आले. पायजमा, हाफ स्वेटर, आणि मीच दिवाळीत घेऊन दिलेली इलेक्ट्रिक सायकल. पाय पॅडलवर नुसते टेकलेले. सायकल आपोआप चढ चढत होती. मित्र हसले, मी हसलो. बाबाही हसले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी माझ्या लक्षात आलं की पार्किंगमधल्या सायकलवरचं कव्हर कुणी काढलेलंच नाही. किलोमीटरचा आकडा त्या रविवारी होता तिथेच होता.

बाबांनी भोसरीच्या एका कारखान्यात बावीस वर्षं सायकलवर नोकरी केली. चिंचवडहून जायचं, शिफ्ट संपली की यायचं. काळी सायकल, मागे कॅरियर, पुढे डायनॅमोचा दिवा. मग स्कूटर आली, मग गुडघे आले. आता ते एकसष्ट वर्षांचे आहेत. डॉक्टरांनी सांगितलं होतं की सायकल चालवा, गुडघ्याला चांगली, फक्त चढावर जोर लावू नका. म्हणून मी ती घेतली होती.

"का बंद केली?" मी विचारलं.

"अरे, ती मोटरच ओढते. मी आपला वर बसून राहतो. त्यापेक्षा पायी जातो ना."

माझंच वाक्य होतं ते, फक्त त्यांच्या शब्दांत. मी माफी मागितली, त्यांनी "त्यात काय एवढं" म्हणून विषय संपवला, आणि कव्हर तसंच राहिलं. माफीने काम होत नाही म्हटल्यावर माझ्यासारखा इंजिनिअर जे करतो ते मी केलं, वाचायला बसलो. सायकलवर 'चीटिंग' हा आरोप पहिल्यांदा कुणी, कशासाठी केला असेल? थोडं मागे गेलो तर कळलं, मोटर हा या आरोपाच्या यादीतला फार अलीकडचा आरोपी आहे.

हवा भरलेली चीटिंग

१८८० च्या दशकात सायकलच्या चाकावर भरीव रबर असायचं. दगडी रस्त्यावर ती सायकल चालवणं म्हणजे कण्याची परीक्षा. बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप नावाचा जनावरांचा डॉक्टर होता. त्याने मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेलं टायर करून पाहिलं आणि १८८८ साली त्याचं पेटंट घेतलं. (अशीच कल्पना रॉबर्ट थॉमसन यांनी चाळीसेक वर्षं आधी मांडली होती, त्यामुळे डनलॉपचं पेटंट पुढे टिकलं नाही. पण टायर टिकलं.)

मे १८८९ मध्ये विली ह्यूम नावाचा सायकलपटू बेलफास्टच्या शर्यतीत ही जाडजूड टायरं लावून उतरला. त्या चाकांची लोकांनी टर उडवली. आणि मग ह्यूमने तिथल्या शर्यती जिंकल्या. काही वर्षांतच हवेच्या टायरशिवाय शर्यतीला उतरायचा विचारही कुणी करेनासं झालं.

आज माझ्या 'शुद्ध' सायकलच्या टायरमध्ये मी पंपाने हवा भरतो, प्रेशर गेजवर आकडा बघतो, आणि आपण स्वतःच्या ताकदीवर चाललोय असं मानतो. एकेकाळी ज्याच्यावर लोक हसले, त्याच्यावर मी रोज बसतो आणि दुसऱ्याला हसतो.

देग्रांजसाहेबांची वयोमर्यादा

दुसरी गोष्ट फ्रान्सची, आणि ती मला जास्त लागली.

त्या काळी सायकलला एकच गिअर असायचा. सपाटीला तो बरा वाटायचा, पण घाट आला की उतरून सायकल ढकलत न्यायची. पॉल द व्हिव्ही नावाचा सेंट-एतिएनचा एक गृहस्थ याला कंटाळला होता. 'वेलोसियो' या टोपणनावाने तो ओळखला जायचा, सायकलवरचं मासिक चालवायचा, आणि चढावर हलका व सपाटीला जड गिअर मिळालाच पाहिजे असा प्रचार करायचा.

१९०२ साली फ्रान्सच्या टूरिंग क्लबने डोंगराळ रस्त्यावर सायकलींची चाचणी घेतली. मार्त हेस नावाच्या एका बाईने त्यात तीन गिअरची सायकल चालवली आणि पाय जमिनीला न टेकवता तो मार्ग पार केला. गिअर उपयोगी आहेत की नाहीत, हा वाद खरं तर तिथेच संपायला हवा होता.

पण तो संपला नाही, कारण समोर आंरी देग्रांज होते. देग्रांज म्हणजे 'लोटो' या क्रीडा दैनिकाचे संपादक, १८९३ साली एका तासात ३५ किलोमीटरहून जास्त सायकल मारून पहिला अधिकृत विक्रम करणारे गडी, आणि पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, टूर द फ्रान्स सुरू करणारे. त्यांनी लिहिलेल्या मताचा आशय असा होता की बदलते गिअर पंचेचाळीशी उलटलेल्यांसाठी ठीक आहेत, पण खऱ्या मर्दाने स्नायूंच्या जोरावर जिंकावं, यंत्राच्या करामतीवर नव्हे.

आणि शर्यतीचे मालक तेच होते. टूर द फ्रान्समध्ये १९१० पासून पिरेनीजचे उंच घाट आले, पण गिअर आले नाहीत. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना दोन वेगवेगळे दातेरी चक्र लावायचे. चढ आला की सायकलवरून उतरायचं, चाक सोडवायचं, उलटं बसवायचं, पुन्हा निघायचं. घाटमाथ्याच्या थंडीत, गारठलेल्या बोटांनी. एवढा उपद्व्याप चालायचा, कारण तो प्रामाणिक मानला जायचा. चालत्या सायकलवर एक खटका दाबून तेच काम केलं तर मात्र लबाडी!

ही बंदी १९३७ पर्यंत टिकली. त्याच्या आदल्याच वर्षी देग्रांज आजारपणामुळे शर्यतीच्या कारभारातून बाजूला झाले होते. १९३७ ची टूर रोजे लापेबीने जिंकली, गिअरच्या सायकलवर. पस्तीस वर्षं जो 'अप्रामाणिकपणा' होता तो एका हंगामात नियम झाला.

हे वाचताना मी माझ्या सायकलकडे पाहिलं. तिला बावीस गिअर आहेत. लोणावळ्याच्या चढावर मी सगळ्यात हलका गिअर टाकतो आणि तो टाकताना माझ्या मनाला कधी टोचणी लागलेली नाही. देग्रांजसाहेबांच्या हिशोबाने मी वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी म्हाताऱ्यांची सायकल चालवतोय.

हा किस्सा मी बाबांना जेवताना सांगितला. पंचेचाळीशीच्या अटीवर ते जोरात हसले. "म्हणजे मला पंधरा वर्षांपूर्वीच परवानगी होती की!" म्हणाले. दुसऱ्या दिवशी कव्हर निघालेलं होतं.

आडवं झोपून विक्रम

आता कुणी म्हणेल की टायर, गिअर वगैरे ठीक, ताकद तर माणसाचीच असते ना? मोटर म्हणजे बाहेरची ताकद, तिथे रेघ ओढायलाच हवी. मलाही तसंच वाटायचं. पण रेघ ओढणारे नेहमी ताकद मोजून रेघ ओढतात असं नाही.

शार्ल मोशे नावाच्या फ्रेंच माणसाने एक सायकल बनवली. तिच्यावर मागे रेलून, पाय पुढे करून पॅडल मारायचं. वाऱ्याचा अडथळा कमी. मोटर नाही, काही नाही, सगळा जोर पायांचाच. १९३३ साली फ्रान्सिस फॉर या सायकलपटूने ती घेऊन पॅरिसमध्ये एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापलं. ऑस्कर एगचा ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम १९१४ पासून अबाधित होता, तो मोडला. फॉर काही त्या काळचा अव्वल खेळाडू नव्हता. म्हणूनच गडबड झाली.

१९३४ साली आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने, म्हणजे यूसीआयने, सायकल म्हणजे काय याची व्याख्याच अशी केली की मोशेची सायकल तिच्यात बसेना. विक्रम रद्द. तशी सायकल शर्यतींमधून आजतागायत बाहेर आहे.

मला यूसीआयचा राग येत नाही. शर्यत ही शर्यत असते, तिला रेघ लागते, आणि ती कुठेतरी ओढावीच लागते. पण ती रेघ खडूची असते. तिच्या पलीकडे उभा असलेला माणूस आळशी किंवा लबाड ठरत नाही. तो फक्त त्या खेळात नसतो.

उलटा डायनॅमो

मोटरचं वय मात्र आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त आहे. पॅरिसमध्ये गुस्ताव त्रुव्हे यांनी १८८१ सालीच तीनचाकीला वीज जोडून रस्त्यावर चालवली होती. अमेरिकेत ओहायोच्या ऑग्डेन बोल्टन यांना ३१ डिसेंबर १८९५ रोजी विजेवरच्या सायकलचं पेटंट मिळालं. मोटर मागच्या चाकाच्या मध्यभागी, बॅटरी फ्रेमच्या त्रिकोणात. बाबांच्या सायकलचीही रचना साधारण हीच आहे. म्हणजे टूर द फ्रान्सपेक्षा विजेची सायकल आठ वर्षांनी मोठी.

मग ती रस्त्यावर दिसायला शंभर वर्षं का लागली? उत्तर बॅटरीत आहे. बोल्टनच्या काळात होती ती शिसं आणि आम्लाची बॅटरी. बाबांच्या सायकलची बॅटरी ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची, म्हणजे ३६० वॉट-तास. एवढीच ऊर्जा शिशात साठवायची तर आजही दहा-बारा किलो वजन लागेल. लिथियममध्ये ती दोन-अडीच किलोत मावते. सोनीने लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आणली, आणि तिथून हळूहळू चित्र बदललं.

दुसरी गोष्ट बदलली ती नियंत्रणाची. १९९३ साली जपानमध्ये यामाहाने 'पास' नावाची सायकल आणली. तिची बॅटरी अजून शिशाचीच होती, पण कल्पना नवी होती. पॅडलवर तुमचा पाय किती जोर लावतो हे सेन्सर मोजणार, आणि त्या प्रमाणात मोटर मदत करणार. पाय थांबला की मोटर थांबणार. जपानी नियमाने प्रमाणही ठरवून दिलं, ताशी १५ किलोमीटरपर्यंत माणसाचा जोर एक तर मोटरचा जास्तीत जास्त एक. पुढे कमी होत होत २४ ला शून्य. या अटीत बसली तर ती सायकल, लायसन्सची गरज नाही. २००८ साली कमी वेगासाठी हे प्रमाण एकास दोन केलं गेलं. तिथे या सायकली कोण चालवतं? पुढे-मागे मुलं बसवून पाळणाघर गाठणाऱ्या आया आणि म्हातारी माणसं. देग्रांजसाहेबांनी ज्यांना बाजूला काढलं, बरोबर तीच.

आपल्याकडचा नियम वेगळा आहे. मोटर २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा जास्त नाही, आणि वजनाची मर्यादा पाळली, तर ते 'मोटर वाहन' धरत नाहीत. पॅडल मारलंच पाहिजे अशी सक्ती नाही. म्हणून बाबांच्या सायकलला थ्रॉटल आहे. पिळला की निघाली.

हे सगळं बाबांना समजावताना मी म्हणालो, "तुमच्या जुन्या सायकलचा डायनॅमो आठवतो?"

"न आठवून सांगतो कुणाला! रात्रपाळीला तो टायरला लावला की पॅडल असं जड व्हायचं."

"ही मोटर म्हणजे तोच डायनॅमो, उलटा फिरवलेला. तेव्हा तुम्ही त्याला जोर दिलात, आता तो परत देतोय."

"बावीस वर्षांचं व्याज धरून सांग त्याला," बाबा म्हणाले.

मग खरी चीटिंग कुठली?

चीटिंग होतेच. ३० जानेवारी २०१६ रोजी बेल्जियममध्ये सायक्लोक्रॉसच्या जागतिक स्पर्धेत फेम्के वान डेन ड्रीश या तरुण सायकलपटूच्या सायकलमध्ये मोटर सापडली. सीटखालच्या नळीत लपवलेली. सायकल आपली नव्हे, मित्राची, असं तिचं म्हणणं होतं. यूसीआयने तिच्यावर सहा वर्षांची बंदी घातली आणि २०,००० स्विस फ्रँकचा दंड केला.

आणि त्याच यूसीआयने २०१९ मध्ये इलेक्ट्रिक माउंटन बाइकची जागतिक स्पर्धा सुरू केली. तिथे सगळ्यांना मोटर, सगळ्यांना माहीत. एकीकडे बंदी, दुसरीकडे पदक, आणि दोन्हीकडे यंत्र तेच. फरक एवढाच की एका ठिकाणी समोरच्याला शब्द दिला होता आणि तो मोडला.

मला वाटतं प्रश्नाची गाठ इथे सुटते. फसवणूक व्हायला फसणारा लागतो. बाबा सकाळी दूध आणायला निघाले तेव्हा त्यांनी कुणाला शब्द दिला होता? त्यांची शर्यत कुणाशी होती? शर्यत माझ्या डोक्यात होती, आणि मी त्यांना न विचारता तिच्यात उतरवून हरवलं.

व्यायामाचं म्हणाल तर युरोपातल्या सात शहरांतल्या लोकांच्या सर्वेक्षणावरचा २०१९ चा एक अभ्यास आहे. त्यात इलेक्ट्रिक सायकलवाल्यांची एकूण शारीरिक हालचाल साध्या सायकलवाल्यांइतकीच भरली. एका किलोमीटरला कष्ट कमी, पण लोक जास्त लांब जात होते. अर्थात माहिती लोकांनी स्वतः सांगितलेली आणि सायकली पॅडल मारायच्या. नुसतं थ्रॉटल पिळून कुणाची तब्येत सुधारणार नाही.

पन्नास किलोमीटर

आता माझी स्वतःची चूक.

बाबांची सायकल नियमित सुरू झाली. एका रविवारी ते आळंदीला आत्याकडे निघाले. आमच्या घरून साधारण सोळा किलोमीटर. जाऊन-येऊन बत्तीस. "पोचेल ना रे?" त्यांनी विचारलं. बॉक्सवर रेंज छापली होती ५० किलोमीटर. मी लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणालो, "आरामात."

दुपारी दीड वाजता ते दारात उभे राहिले तेव्हा शर्ट पूर्ण भिजला होता आणि डावा गुडघा सुजला होता. चिखलीपाशी बॅटरी संपली होती. चोवीस किलोची सायकल त्यांनी उन्हात चार किलोमीटर पायाने मारत आणली. फोन का केला नाही विचारलं, तर म्हणाले, "तुझी मीटिंग असेल म्हटलं." रविवार होता.

त्या रात्री मी बॉक्स पुन्हा वाचला. ५० या आकड्याच्या बाजूला एक चांदणी होती, आणि चांदणीचा खुलासा इतक्या बारीक अक्षरांत की फोनने झूम करावं लागलं. पॅडल मारत, सपाट रस्त्यावर, ठरावीक वजनाच्या माणसाने चालवली तर. म्हणजे आकडा खोटा नव्हता, तो दुसऱ्याच कुणाचा होता.

हे मला आधीच कळायला हवं होतं. गणित अवघड नाही. माणूस आणि सायकल मिळून शंभर किलो धरा. ते शंभर मीटर उंच न्यायला २७ वॉट-तास लागतात, यात कुठल्याही कंपनीला सूट नाही. मोटरमध्ये थोडी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, ती वेगळी. समोरून वारा असेल, टायरमध्ये हवा कमी असेल, दर सिग्नलला थांबून पुन्हा निघायचं असेल, तर प्रत्येक जण आपला वाटा कापून घेतो. आणि पाय नुसते टेकवले, तर सगळं बिल बॅटरीच भरते. साधारण फिट माणूस तासभर आरामात शंभर वॉट देऊ शकतो. बाबांनी त्याच्या निम्मे दिले असते तरी ते घरी पोचले असते.

पण त्यांना हे सांगायचं काम माझं होतं. चीटिंगचा शब्द मी ज्यांच्यावर फेकला त्यांनी कुणालाच फसवलं नव्हतं. 'आरामात' हा शब्द मात्र मी दिला होता.

बाबांनी यावर जे केलं ते कारखान्यातल्या सुपरवायझरने केलं असतं तेच. गुडघा बरा झाल्यावर त्यांनी एक छोटी डायरी घेतली. दोन आठवडे घराजवळच्याच रस्त्यावर फेऱ्या मारून नोंदी केल्या. नुसत्या थ्रॉटलवर २७ किलोमीटर. पॅडल मारत, मदत मधल्या पायरीवर ठेवून ४४. टायरमध्ये हवा कमी असताना वेगळी नोंद. वारा असेल तर समोर 'वा.' असं लिहिलेलं. बॅटरी जुनी होत जाईल तशी क्षमता उतरेल हे मी सांगितल्यावर त्यांनी शेवटच्या पानावर तारखा आखून ठेवल्या, दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचं म्हणून.

मागच्या महिन्यात ते परत आळंदीला जाऊन आले. या वेळी पॅडल मारत. घरी आले तेव्हा बॅटरीची एक कांडी शिल्लक होती. मी गेटवरच थांबलो होतो, कामाचं काहीतरी निमित्त काढून. माझा तोच मित्रही होता, लोणावळ्याचा.

"काका, मोटर लावून ना?" त्याने विचारलं.

"हो," बाबा सायकल स्टँडवर लावत म्हणाले. "एकसष्ट वय आहे."

मग खिशातून डायरी काढली आणि त्या दिवसाचे ३२ किलोमीटर लिहिले.